अल्पकालीन मिशन दौरा: मंडळीची टीम प्रथमच परदेशी पाठवताना

मंडळीतील, म्हणजे स्थानिक चर्चमधील, काही ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांनी एकत्र येऊन एक-दोन आठवड्यांसाठी परदेशातील मंडळीकडे जाणे आणि तिच्या सेवाकार्यात हातभार लावणे, याला अल्पकालीन मिशन दौरा म्हणतात. आजच्या स्वरूपातील असे दौरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढले. जॉर्ज व्हर्वर आणि त्यांच्या महाविद्यालयीन मित्रांनी १९५७ मध्ये मेक्सिकोत केलेल्या दौऱ्यातून पुढे ऑपरेशन मोबिलायझेशन ही संस्था उभी राहिली, तर १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी यूथ विथ अ मिशन या संस्थेची स्थापना केली. आता अनेक मंडळ्या कोणत्याही संस्थेच्या मध्यस्थीशिवाय स्वतःच टीम पाठवतात आणि नवख्या मंडळीची खरी अडचण तिथेच सुरू होते, कारण उत्साह भरपूर असतो, पण कोणते काम आधी करायचे आणि कोणते नंतर, हे सांगणारे जवळ कोणी नसते. पुढील सर्व पायऱ्या एकाच भूमिकेवर उभ्या आहेत: जाणारी टीम ही पाहुणी असते आणि काय करायचे, किती करायचे, कुठे थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार यजमान मंडळीचा असतो.

निमंत्रण आधी, तिकिटे नंतर

दौऱ्याची तयारी किमान नऊ महिने ते वर्षभर आधी सुरू करावी आणि तिची सुरुवात यजमान मंडळीशी बोलण्यापासून व्हावी. पुष्कळदा क्रम उलटा असतो. सुट्टीच्या तारखा ठरतात, देश ठरतो, कार्यक्रमही ठरतो आणि शेवटी त्या देशातील एखाद्या पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) ‘आम्ही येत आहोत’ असे कळवले जाते. पाळक नकार देत नाहीत. आतिथ्य हा त्यांच्या विश्वासाचा भाग असतो आणि नकार दिल्यास पुढील मदत थांबेल की काय, ही धास्तीही मनात असू शकते. म्हणून केवळ होकार मिळाला एवढ्यावर समाधान मानू नये. यजमानांना सहज नाही म्हणता येईल अशा पद्धतीने विचारावे.

त्यासाठी एक प्रश्न फार उपयोगी पडतो: आमची टीम आली नाही आणि प्रवासाचा हाच खर्च तुमच्या हाती असता, तर तुम्ही तो कशासाठी वापरला असता? उत्तर मोकळेपणाने मिळाले, तर त्या मंडळीच्या खऱ्या गरजा कळतात. कधी असेही दिसते की टीम जाण्यापेक्षा एका स्थानिक सुवार्तिकाचे (धर्मप्रचारकाचे) वर्षभराचे मानधन देणे अधिक योग्य आहे. तसे असेल तर ते मान्य करण्याची तयारी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाने आधीच ठेवावी. उलट काही कामांसाठी बाहेरची माणसेच हवी असतात. शिक्षकांना प्रशिक्षण देणे, एखादे तांत्रिक कौशल्य शिकवणे, किंवा एकाकी पडलेल्या लहान मंडळीसोबत काही दिवस राहून आराधना व सहभागिता करणे, अशी ती कामे होत.

बोलणी पक्की झाली की सर्व मुद्दे दोन पानांत लिहून दोन्ही मंडळ्यांनी त्यावर सह्या कराव्यात. तारखा, टीमची संख्या, निवास, जेवण, वाहन, दुभाषे, रोजच्या कामाचे तास, कोणता खर्च कोणी करायचा आणि मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, हे त्यात यावे. शक्य असल्यास टीमप्रमुखाने आधी एकट्याने जाऊन यजमानांची भेट घ्यावी. ते परवडत नसेल तर व्हिडिओ कॉलवर अनेकदा बोलावे आणि त्यात केवळ पाळकांनाच नव्हे, तर स्वयंपाकाची व मुलांच्या वर्गाची जबाबदारी घेणाऱ्या भगिनींनाही सामील करावे. पाहुण्यांचा बहुतेक भार त्यांच्यावरच पडतो.

कोणते काम घ्यावे आणि कोणते घेऊ नये

बांधकाम हे सर्वांत लोकप्रिय काम, आणि सर्वांत जपून घेण्याचेही. ज्यांनी कधी थापी हातात धरलेली नाही अशा दहा जणांनी वर्गखोलीची भिंत रचली, तर तिसऱ्या-चौथ्या थरापासून ती ओळंब्यात राहत नाही आणि टीम झोपल्यावर स्थानिक गवंड्याला ती उतरवून पुन्हा बांधावी लागते. शिवाय त्या आठवड्याची त्याची मजुरीही बुडालेली असते. योग्य पद्धत अशी की गवंडी आणि सुतार स्थानिकच नेमावेत, त्यांना ठरलेली मजुरी द्यावी, साहित्य तिथल्याच बाजारातून घ्यावे आणि टीमने त्यांच्या हाताखाली काम करावे. विटा पोहोचवणे, घमेली उचलणे, ताज्या बांधकामावर पाणी मारणे, रंगापूर्वी भिंत घासणे ही कामे कोणालाही जमतात. काम कधी थांबवायचे हे गवंड्याने सांगावे आणि टीमने ऐकावे.

वैद्यकीय शिबिरासाठी त्या देशातील आरोग्य खात्याची परवानगी आणि डॉक्टर-परिचारिकांच्या नोंदणीला तिथली मान्यता लागते. औषधे सोबत नेण्याचेही प्रत्येक देशाचे नियम असतात. याहून महत्त्वाचे म्हणजे रक्तदाब किंवा मधुमेह आढळलेल्या रुग्णाला टीम गेल्यानंतर कोण तपासणार, हे आधी ठरलेले असावे. जवळच्या दवाखान्याशी जोडून घेतलेले नसेल तर असे शिबिर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या सदस्याने इंजेक्शन देणे किंवा जखम शिवणे हे तर कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये.

अनाथाश्रमांना भेटी देण्याबाबत अधिकच सावध राहावे. जगभरातील अशा संस्थांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्या मिळाव्यात म्हणून गरीब कुटुंबांतून मुले आणून ठेवली जातात, असे अनेक देशांत उघडकीस आले आहे. बालहक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये संमत केलेल्या ठरावातही अनाथालयांतील स्वयंसेवा पर्यटनाशी निगडित धोक्यांची दखल घेतली गेली. दर पंधरवड्याला नवे पाहुणे येऊन लळा लावतात आणि निघून जातात, याचा लहान मुलांच्या मनावर होणारा परिणाम खोल असतो. त्यामुळे मुलांसाठी काही करायचे असेल तर यजमान मंडळीच्या संडे स्कूलच्या शिक्षकांना साहित्य व प्रशिक्षण द्यावे आणि वर्ग त्यांनाच घेऊ द्यावा.

टीम निवडताना

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास व प्रार्थना करून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवते आणि त्यांची रवानगी करते. पाठवणारी मंडळी होती आणि पाठवलेले तिला उत्तरदायी होते, हे यातून घ्यायचे. म्हणून ‘ज्याला यायचे त्याने नाव द्यावे’ अशी पद्धत ठेवू नये. लेखी अर्ज, पाळकांची शिफारस आणि समक्ष मुलाखत या तिन्हींमधून निवड व्हावी. मुलाखतीत मी उमेदवाराला तो आपल्या मंडळीत आज कोणती सेवा करतो, हे सर्वप्रथम विचारेन. जो घरच्या मंडळीत खुर्च्या मांडत नाही, तो परदेशात जाऊन अचानक सेवक होत नाही.

पहिल्या दौऱ्यासाठी सहा ते दहा जण पुरेत. ही संख्या दोन लहान वाहनांत मावते, यजमानांच्या स्वयंपाकघरावर ताण येत नाही आणि टीमप्रमुखाला प्रत्येकाकडे लक्ष देता येते. प्रमुखासोबत एक उपप्रमुख असावा, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री. हिशेब, औषधपेटी आणि यजमानांशी संपर्क या जबाबदाऱ्या तीन वेगळ्या व्यक्तींकडे द्याव्यात.

टीममध्ये खटके उडतात, हे गृहीत धरूनच तयारी करावी. बर्णबा आणि पौल यांच्यासोबत गेलेला मार्क म्हटलेला योहान पंफुल्याहून टीम सोडून यरुशलेमला परतला आणि त्याला पुन्हा सोबत घ्यावे की नाही यावरून पौल व बर्णबा यांच्यात इतका तीव्र वाद झाला की ते वेगवेगळ्या वाटांनी गेले. प्रेषितांचे हे झाले, तर उष्मा, अपुरी झोप आणि अनोळखी अन्न यांच्यामध्ये आपल्या टीमचे होणारच. तक्रार कोणाकडे न्यायची, वागणुकीचे नियम मोडल्यास काय होईल, एखाद्याला मध्येच परत पाठवावे लागल्यास खर्च कोणाचा, हे निघण्यापूर्वी लिहून प्रत्येकाची सही घ्यावी.

मुलांच्या संरक्षणाचे नियम सर्वांना सारखेच लागू असावेत. कोणताही सदस्य मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही, किमान दोन प्रौढ नेहमी उपस्थित असतील, मुलांना खासगी भेटवस्तू किंवा फोन क्रमांक दिले जाणार नाहीत आणि परतल्यावर मुलांशी समाजमाध्यमांवर संपर्क ठेवला जाणार नाही. पोलिसांकडून चारित्र्य प्रमाणपत्र मिळण्याची सोय असेल तिथे ते मागावे. ओळखीच्या आणि आदरणीय व्यक्तींनाही यातून वगळू नये.

पैशाचा व्यवहार

अंदाजपत्रकात विमानभाडे, व्हिसा, लसीकरण, विमा, तिथला प्रवास, निवास, जेवण, दुभाष्यांचे मानधन आणि कामाचे साहित्य ही कलमे धरावीत आणि एकूण रकमेच्या सुमारे १० टक्के राखीव ठेवावेत. टीमच्या जेवणखाणाचा भार यजमान मंडळीवर पडू देऊ नये. यजमान प्रेमाने देऊ करतील तेवढे जेवण कृतज्ञतेने घ्यावे, पण बाकीचा खर्च आधीच पोहोचता करावा. दानार्पण मंडळीच्या नावे स्वतंत्र खात्यात जमा व्हावे. एखाद्या सदस्याने दौरा रद्द केला तर त्याच्या नावे आलेल्या रकमेचे काय होईल, हे देणाऱ्यांना सुरुवातीलाच कळवावे.

यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना पौलाने आपल्यासोबत इतर मंडळ्यांनी नेमलेले बंधू घेतले, कारण त्या रकमेविषयी कोणी दोष लावू नये याची त्याला काळजी होती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे सविस्तर आले आहे. तोच दंडक आपण पाळावा: रोख रक्कम नेहमी दोघांनी मोजावी, प्रत्येक खर्चाची पावती ठेवावी आणि ज्या देशात पावती मिळत नाही तिथे वहीत तारीख, रक्कम व दोघांच्या सह्या असाव्यात. सीमाशुल्काचे नियमही पाहावेत. अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा अधिक आणि युरोपीय संघात प्रवेश करताना १०,००० युरो किंवा त्याहून अधिक रोकड असल्यास ती जाहीर करावी लागते. मोठी रक्कम बँकेमार्फत पाठवणेच श्रेयस्कर.

सदस्यांनी व्यक्तिगतरीत्या कोणालाही पैसे देऊ नयेत, हा नियम कठोर वाटतो, पण त्यामागे अनुभव आहे. पाहुण्याने एका कुटुंबाला दिलेली मदत शेजारच्या चार कुटुंबांना कळते आणि टीम गेल्यावर त्याचे स्पष्टीकरण पाळकांना द्यावे लागते. कोणाची गरज मनाला भिडली तर ती टीमप्रमुखामार्फत यजमान मंडळीच्या वडीलमंडळापुढे मांडावी.

कागदपत्रे आणि कायदा

परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट बहुतेक ठिकाणी चालतो. व्हिसाचा वर्ग मात्र नीट तपासावा. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा, उपदेश किंवा वैद्यकीय सेवा करण्यास अनेक देशांत मनाई आहे आणि काही देशांत मिशनरी व्हिसा हा स्वतंत्र वर्ग असतो. धार्मिक प्रचाराविषयीचे कायदेही देशागणिक वेगळे असतात; उदाहरणार्थ, नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेतील कलम २६ नुसार दुसऱ्या व्यक्तीचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. अशा ठिकाणी उत्साही पाहुण्याने रस्त्यावर पत्रके वाटली तर पाहुणा परत पाठवला जातो, पण त्याची किंमत स्थानिक विश्वासणारे दीर्घकाळ मोजत राहतात. त्यामुळे कायद्याविषयी यजमान मंडळीचा आणि त्या देशातील वकिलाचा सल्ला घ्यावा आणि अर्जावर प्रवासाचा उद्देश खरा लिहावा. सुवार्तेसाठी खोटे लिहिणे मला कधीही समर्थनीय वाटलेले नाही.

अठरा वर्षांखालील सदस्य असल्यास दोन्ही पालकांचे नोटरीकृत संमतिपत्र सोबत ठेवावे. सर्व कागदपत्रांच्या प्रती टीमप्रमुखाकडे आणि घरच्या मंडळीतील एका व्यक्तीकडे असाव्यात. आपल्या देशाच्या दूतावासाकडे नोंदणीची सोय असल्यास ती करावी.

आरोग्य

निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी प्रवासी आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटावे, कारण काही लसींचे डोस अंतराने द्यावे लागतात. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते; ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी वैध मानले जाते. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यानंतरही औषधानुसार एक ते चार आठवडे घ्याव्या लागतात आणि नेमक्या त्याच वेळी लोक त्या विसरतात, म्हणून त्याची आठवण करण्याचे काम एकाला सोपवावे. परतल्यावर ताप आल्यास डॉक्टरांना कुठे गेलो होतो ते आवर्जून सांगावे.

जुलाब हा प्रवासातला नेहमीचा आजार. तयार पुड्या नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा असावा आणि मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. कुत्रे किंवा माकड चावल्यास जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे ना, याची खात्री करावी. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातसामानात ठेवावीत.

तयारीच्या बैठका आणि दुभाष्यासोबत बोलणे

निघण्यापूर्वी सहा ते आठ बैठका घ्याव्यात. प्रार्थना, त्या देशाचा इतिहास, तिथल्या मंडळीची वाटचाल, पोशाख व अभिवादनाचे संकेत आणि त्या भाषेतील वीस-पंचवीस वाक्ये, एवढा अभ्यास सर्वांनी करावा. सर्वाधिक सराव लागतो तो दुभाष्यासोबत साक्ष देण्याचा, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगण्याचा. तीन मिनिटांची साक्ष दुभाष्यामुळे सहा मिनिटांची होते, त्यामुळे पाच मिनिटे मिळणार असतील तर मूळ साक्ष अडीच मिनिटांत बसली पाहिजे. ती लिहून काढावी आणि एका वाक्यात एकच विचार ठेवावा. ‘लहानपणापासून मी उपासनेला जात असे.’ थांबावे. ‘पण मनापासून प्रार्थना मी कधी केली नव्हती.’ थांबावे. ‘मग माझे वडील आजारी पडले.’ पुन्हा थांबावे. वाक्य अर्धवट तोडून थांबल्यास दुभाष्याला क्रियापद कळत नाही आणि तो अंदाजाने बोलतो. बोलताना दुभाष्याकडे न पाहता ऐकणाऱ्यांकडे पाहावे. म्हणी, विनोद आणि शब्दांवरच्या कोट्या गाळाव्यात. पवित्र शास्त्रातील संदर्भ आदल्या दिवशीच दुभाष्याला द्यावेत, म्हणजे तो त्याच्या भाषेतील वचन शोधून ठेवतो.

प्रत्यक्ष दौऱ्यात

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना दोघादोघांनी पाठवताना सांगतो की ज्या घरात राहाल तिथेच राहा, ते देतील ते खा-प्या आणि घरोघरी फिरू नका. अल्पकालीन दौऱ्यासाठी याहून नेमकी सूचना मला माहीत नाही. अधिक चांगली सोय दिसली म्हणून मुक्काम बदलला, तर पहिल्या यजमानांचा अपमान होतो. ताट पुढे आले की कुरकुर करू नये. पथ्य असल्यास ते यजमानांना येण्यापूर्वीच कळवावे.

पहिल्या दिवशी काहीही शिकवू नये. परिसर पाहावा, वडीलधाऱ्यांना भेटावे, प्रवासाचा शीण जाऊ द्यावा. रोज रात्री अर्धा तास एकत्र बसून दिवसाचा आढावा घ्यावा आणि प्रार्थना करावी, मात्र ही बैठक यजमानांच्या चालीरीतींची उणीदुणी काढण्याची जागा होऊ देऊ नये. यजमान पाळकांनाही त्यात अधूनमधून बोलवावे आणि टीमच्या वागण्यात काही खटकले का, हे विचारावे. ते संकोचाने सांगणार नाहीत, म्हणून प्रमुखाने त्यांना एकांतातही विचारावे.

छायाचित्रे घेण्यापूर्वी परवानगी मागावी, मुलांच्या बाबतीत पालकांची. फाटके कपडे, रडणारी मुले, उघडी गटारे यांची छायाचित्रे पाठवून घरच्या मंडळीत करुणा जागवण्याचा मोह टाळावा. आपल्या घरातील व्यक्तीचे जे छायाचित्र आपण जाहीर करणार नाही, ते दुसऱ्याचेही करू नये. जिथे विश्वासणाऱ्यांवर पाळत असते तिथे नावे, चेहरे आणि ठिकाण यांपैकी काहीच समाजमाध्यमांवर टाकू नये.

आश्वासनांबाबत विशेष दक्षता घ्यावी. निरोपाच्या सभेत मन भरून येते आणि ‘आम्ही पुढच्या वर्षी नक्की येऊ’, ‘तुमच्या मुलाच्या शिक्षणाचे आम्ही पाहू’ असे शब्द सहज निघून जातात. बोलणारा ते महिन्याभरात विसरतो. ऐकणारे कुटुंब मात्र वाट पाहत राहते. वडीलमंडळाने लेखी मान्य केलेली गोष्ट सोडून कोणतेही वचन देऊ नये.

परतल्यानंतर

बर्णबा आणि पौल अंत्युखियास परतल्यावर त्यांनी मंडळीला एकत्र जमवून देवाने काय काय केले ते सांगितले. आपणही एका महिन्याच्या आत संपूर्ण हिशेब, कामाचा अहवाल आणि अडचणींचे प्रामाणिक वर्णन मंडळीपुढे मांडावे. सभेत किती जणांनी हात वर करून विश्वास स्वीकारल्याचे दर्शवले याचे आकडे सांगण्याचा मोह होतो. नव्या विश्वासणाऱ्यांची शुश्रूषा यजमान मंडळीने करायची असल्यामुळे त्यांची संख्या सांगण्याचा अधिकारही तिचाच मानावा.

सदस्यांसाठी दोन-तीन आठवड्यांनी स्वतंत्र बैठक ठेवावी. काहींना घरच्या सुखसोयींचा राग येतो, काहींना एकटेपणा जाणवतो, काहींना पूर्णवेळ सेवेचे पाचारण (देवाचे बोलावणे) झाल्यासारखे वाटते. या तिन्हींना वेळ आणि ऐकणारे माणूस द्यावे. पाचारणाचा निर्णय घाईने जाहीर करू नये.

सहा महिन्यांनी यजमान मंडळीकडून लेखी अभिप्राय मागवावा. दुरुस्त केलेली इमारत वापरात आहे का, प्रशिक्षण घेतलेले शिक्षक वर्ग घेत आहेत का, पाहुण्यांच्या वास्तव्याचा कोणावर भार पडला का, मंडळीत काही दुरावा निर्माण झाला का, हे प्रश्न त्यात स्पष्टपणे विचारावेत. उत्तर यजमानांच्या भाषेतच मागवावे, म्हणजे त्यांना मोकळेपणाने लिहिता येईल, आणि भाषांतर करून घेण्याचा खर्च आपण करावा. ते पत्र वडीलमंडळाच्या बैठकीत पूर्ण वाचले जावे आणि पुढच्या वर्षी टीम पाठवायची, कामाचे स्वरूप बदलायचे की केवळ आर्थिक साहाय्य व प्रार्थनेची भागीदारी चालू ठेवायची, हे ते पत्र समोर ठेवूनच ठरवावे.